मिथिल कुणाला द्यायचं, ते घडी सांगत नाही

एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: ‘प्रोजेक्टसाठी मातीतल्या एका जिवाणूचं जनुक हाताशी आलंय. डेटाबेसमध्ये त्यापुढे नुसतं “सॅम-अवलंबी मिथिलट्रान्सफरेज” एवढंच लिहिलंय. प्रथिन २४० अमिनो आम्लांचं आहे. ज्याचं काम माहीत आहे असा सगळ्यात जवळचा नातेवाईक ब्लास्टमध्ये (अमिनो आम्लांचे क्रम जुळवून बघणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) २२ टक्केच जुळतो. पुस्तकात या एन्झाइमचे पाच वर्ग दिलेत, एका पेपरमध्ये त्याहून जास्त. माझं प्रथिन कुठल्या वर्गात बसेल, आणि ते नक्की करतं काय?’

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ते आधी सुटे केले नाहीत तर वर्ष वाया जातं. मी घालवलेलं आहे. पहिला प्रश्न घडीचा, म्हणजे प्रथिनाची साखळी दुमडून होणाऱ्या आकाराचा: हे प्रथिन सॅमला कसं धरतं? दुसरा कामाचा: सॅमवरचं मिथिल (एक कार्बन, त्यावर तीन हायड्रोजन) ते कुणाला देतं? पहिल्याचं उत्तर आज संगणकावर एका दुपारी मिळतं. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातून आपोआप निघत नाही, आणि गाडी नेमकी इथेच रुळावरून घसरते. २२ टक्के साम्य घडीबद्दल थोडंफार सांगतं. कामाबद्दल ते जवळपास काहीच सांगत नाही.

आधी रसायनशास्त्र, थोडक्यात. सॅम म्हणजे एस-अ‍ॅडेनोसिल मेथायोनिन. मेथायोनिन आणि एटीपी यांच्यापासून पेशी ते बनवते. त्याच्या मधल्या गंधकावर धन भार असतो आणि त्याला तीन कार्बन चिकटलेले असतात, त्यातला एक मिथिलचा. गंधकाला हा भार जड होतो. समोरून कुणी इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन आलं, मग तो ऑक्सिजन असो, नायट्रोजन, दुसरं गंधक किंवा कार्बन, की मिथिल तिकडे जातं. वाऱ्यात छत्री उलटते तसे जाताना त्याचे तीन हायड्रोजन उलटे होतात. मागे उरतं एस-अ‍ॅडेनोसिल होमोसिस्टीन, म्हणजे एसएएच. एन्झाइमचं मुख्य काम म्हणजे देणारं गंधक, मिथिलचा कार्बन आणि घेणारा अणू एका रेषेत आणून उभे करायचे. काम तसं सोपं आहे, म्हणूनच निसर्गाने ते एकमेकांशी नातं नसलेल्या घड्यांमधून पुन्हा पुन्हा साधलंय.

‘पाच वर्ग’ ही मांडणी शूबर्ट, ब्लूमेंथाल आणि चेंग यांची, २००३ सालची. स्फटिकांवरून तोवर कळलेल्या रचनांची ती वर्गवारी होती. पुढे पटलात रुतलेली एन्झाइम आली, लोह-गंधक गुच्छ वापरणारी आली, आणि संख्या वाढली. त्यामुळे ‘एकूण वर्ग किती’ याचं उत्तर तुम्ही कुणाकुणाला मोजता यावर ठरतं. परीक्षेत पाच लिहा. प्रोजेक्टमध्ये आकडा महत्त्वाचा नाही.

तुमचं प्रथिन पहिल्या वर्गात असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण बहुसंख्य मिथिलट्रान्सफरेज तिथेच आहेत. मधोमध सात स्ट्रँडची, म्हणजे साखळीच्या सरळ पट्ट्यांची, बीटा शीट आणि तिच्या दोन्ही अंगांना हेलिक्स, म्हणजे मळसूत्री वेटोळी, अशी ही घडी. एनएडी धरणाऱ्या रॉसमन घडीची ही सख्खी वाटावी अशी बहीण, फरक एका स्ट्रँडचा. शीटमध्ये स्ट्रँडचा क्रम लागतो ३-२-१-४-५-७-६. सहा स्ट्रँड एका दिशेने जातात आणि सातवा पाच-सहाच्या मध्ये घुसून उलट दिशेने. एसटीच्या बाकावर दोघांच्या मधे तिसऱ्याने पाठमोरं बसावं तसं. पायमॉल किंवा कायमेराएक्स या रचना बघायच्या प्रोग्रॅममध्ये संगणकाने काढलेलं मॉडेल उघडा आणि सुरुवातीला निळा, शेवटाला लाल असे इंद्रधनुषी रंग द्या. शेवटचा लालसर स्ट्रँड काठावर नसून काठापासून एक घर आत असेल आणि उलटा धावत असेल, तर बहुतेक काम झालं. मग पहिल्या स्ट्रँडनंतरचं वळण बघा. तिथे ग्लायसिन, कुणीतरी, ग्लायसिन, कुणीतरी, ग्लायसिन असा ठेका साधारण सापडतो; सॅम त्याच्या शेजारी बसतं. दुसऱ्या स्ट्रँडच्या टोकाला अ‍ॅस्पार्टेट किंवा ग्लुटामेट असतं, ते सॅममधल्या रायबोज साखरेचे हायड्रॉक्सिल धरून ठेवतं. हे आम्ल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही घडी इतकी सर्वत्र आहे हे कळलं तेव्हा लोक खरोखर चकित झाले होते. १९९३ मध्ये डीएनएच्या सायटोसिनला मिथिल लावणाऱ्या, जिवाणूतल्या ‘हा-वन’ या एन्झाइमची रचना आली. लगेच १९९४ मध्ये उंदराच्या यकृतातल्या कॅटेकॉल-ओ-मिथिलट्रान्सफरेजची आली, डोपामिनसारख्या छोट्या रेणूंवर काम करणारं हे एन्झाइम. (पार्किन्सन्समध्ये देतात ते एन्टाकापोन यालाच अडवतं.) एकाचं गिऱ्हाईक लांबलचक डीएनए, दुसऱ्याचं चिमूटभर रेणू. अमिनो आम्लांचे क्रम शोधूनही जुळत नाहीत, पण घडी तीच. त्याच वर्षी हा-वन डीएनएला घट्ट धरून बसलेलं दिसलं, तेव्हा आणखी एक गंमत कळली: ज्या सायटोसिनला मिथिल लावायचं ते दुहेरी सर्पिलातून पूर्ण बाहेर वळवून एन्झाइमच्या खिशात घेतलेलं होतं.

दुसरा आणि तिसरा वर्ग पटकन उरकतो. दुसऱ्यात मुख्यतः मेथायोनिन सिंथेजचा एक भाग येतो. हे एन्झाइम रोजच्या कामासाठी मिथिल फोलेटकडून घेतं आणि बी-१२ च्या कोबाल्टमार्फत पुढे देतं. कोबाल्टचं ऑक्सिडेशन होऊन गाडी बंद पडली की धक्का मारायला सॅम लागतं. बी-१२ कमी पडलं तर ही सगळी साखळीच मंदावते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने गर्भवती मातांमध्ये जी बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर नोंदवली, तिचा धागा इथे येऊन मिळतो. तिसरा वर्ग त्याच बी-१२ ची कडी घडवणाऱ्या एन्झाइमचा. त्यात एकाच साखळीच्या दोन भागांच्या मधल्या फटीत काम चालतं. मातीतला जिवाणू आणि शेजारी कोबालामिनची (बी-१२ ची) जनुकं असं दिसलं तर तिसऱ्या वर्गाचा विचार जरूर करा.

चौथा वर्ग स्पाऊट. इथे मी थांबणार आहे, कारण २४० अमिनो आम्लांचं जिवाणूचं प्रथिन इथलंही असू शकतं, आणि माझं वर्ष इथेच गेलं. स्पाऊट एन्झाइमच्या साखळीत खरोखरची गाठ असते. साखळीचं शेवटचं टोक आधीच्या एका फासातून ओवून बाहेर काढलेलं असतं आणि सॅम त्या गाठीतच बसतं, तेही दुमडून. पहिल्या वर्गात सॅम सहसा पसरून असतं. ही गाठ इतकी चिवट की यातल्या काही प्रथिनांची घडी रसायन घालून उलगडली तरी साखळीतली गाठ सुटत नाही, असं प्रयोगांत दिसलंय.

माझी चूक सांगतो. आरएनएवर काम करत असावं असं एक प्रथिन माझ्याकडे होतं. मी एका साखळीचं मॉडेल काढलं, खिसा शोधला, तर दिसली एक उथळ, उघडी खळगी, ताटलीसारखी. इथे कुठलाच रेणू नीट बसणार नाही, म्हणून ‘निष्क्रिय असावं’ असा शेरा मारून फाईल बाजूला ठेवली. अकरा महिन्यांनी एका कनिष्ठ सहकाऱ्याने सहज दोन प्रतींचं एकत्र मॉडेल काढलं आणि खळगीवर दुसऱ्या साखळीचं झाकण आलं. स्पाऊट बहुतेक जोडीने राहतात आणि आरएनए धरायची जागा दोघांच्या सांध्यावर तयार होते. मी एकाच जोडीदाराकडे बघून घरात कुणी नाही असं ठरवून टाकलं होतं. म्हणून मॉडेल काढताना एक साखळी आणि दोन साखळ्या, दोन्ही चालवा. शक्य असेल तर अल्फाफोल्ड ३ सारखं साधन वापरून सॅमसकट.

पाचवा वर्ग ‘सेट’. हे नाव फळमाशीच्या तीन जनुकांच्या आद्याक्षरांवरून पडलंय. हिस्टोनच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांच्या) लायसिनला मिथिल लावणारी बहुतेक एन्झाइम इथली. २००० मध्ये एसयूव्ही३९एच१ हे हिस्टोन एच३ च्या नवव्या लायसिनवर काम करतं असं दाखवलं गेलं आणि या विषयाला अक्षरशः पूर आला. रचना मजेशीर आहे: सॅम एका बाजूने येतं, लायसिन दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये अरुंद बोगदा. लायसिनवर एक, दोन की तीन मिथिल बसणार हे त्या बोगद्याच्या टोकाशी किती जागा आहे त्यावर ठरतं. एसईटी७/९ मध्ये एकच टायरोसिन बदलून फिनाइलअलानिन केलं की एकच मिथिल लावणारं एन्झाइम दुसरंही लावायला लागतं. तिथला एक हायड्रॉक्सिल गेला, एवढाच फरक.

पाचांच्या बाहेरचे, ओझरते: पटलात राहून काम करणारी (रॅस प्रथिनाच्या टोकाला मिथिल लावणारं आयसीएमटी), आणि मूलक-सॅम (रॅडिकल सॅम) घराण्यातली, म्हणजे वर आलेली लोह-गंधक गुच्छवाली. या दुसऱ्यांचं महत्त्व दवाखान्यात कळतं. आरएलएम-एन आणि सीएफआर ही दोन जवळची भावंडं रायबोसोमच्या एकाच अ‍ॅडेनिनवर, २५०३ क्रमांकाच्या, काम करतात. एक दुसऱ्या कार्बनवर मिथिल लावतं, दुसरं आठव्यावर. आठव्यावर लागलं की लिनेझोलिड हे प्रतिजैविक चालेनासं होतं.

आता दुसरा, अवघड प्रश्न. घडीवरून काम का ओळखता येत नाही ते उदाहरणांनीच पटेल.

डीएनएमटी-२ घ्या. डीएनएला मिथिल लावणाऱ्या एन्झाइमशी त्याचा चेहरामोहरा इतका जुळतो की नावही तेच पडलं. वर्षानुवर्षं लोक त्याचं डीएनएवरचं काम शोधत राहिले आणि हाती फारसं लागलं नाही. २००६ मध्ये कळलं की हे अ‍ॅस्पार्टिक आम्ल वाहणाऱ्या टीआरएनएच्या ३८ व्या सायटोसिनला मिथिल लावतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. एसईटीडी३ ची गोष्टही तशीच. सेट घडी दिसली म्हणून त्याला हिस्टोनच्या लायसिनवाला ठरवलं होतं. २०१८-१९ मध्ये ते अ‍ॅक्टिनच्या ७३ व्या हिस्टिडिनवर मिथिल लावतं असं सिद्ध झालं. लायसिन नाही, आणि हिस्टोनही नाही. उलट बाजूने, डॉट-१-एल हिस्टोन एच३ च्या ७९ व्या लायसिनवरच काम करतं, पण त्यात सेट नाही. ते सरळ पहिल्या वर्गातलं आहे.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र टीआरएम-डी आणि टीआरएम-५ चं. टीआरएनएच्या ३७ व्या ग्वानिनवर, अँटिकोडॉनच्या (संदेश वाचणाऱ्या तीन अक्षरांच्या) अगदी लगत, एक मिथिल लागतं. ते नसेल तर रायबोसोम वाचताना चौकट चुकवतो. जिवाणूंमध्ये हे काम टीआरएम-डी करतं, गाठवालं स्पाऊट. माणसात आणि आर्किया या सूक्ष्मजीवांत टीआरएम-५ करतं, पहिल्या वर्गातलं. घेणारा अणू तोच, तयार होणारा माल तोच, आणि दोन घड्यांचं एकमेकींशी काही नातं नाही. म्हणून तर टीआरएम-डी अडवणारं प्रतिजैविक शोधायची धडपड चालते: औषध गाठीत बसेल असं बनवलं तर आपल्या टीआरएम-५ ला धक्का लागायचं कारण नाही.

तर तुमचं प्रथिन. मी असतो तर असं केलं असतं. आधी मॉडेल, वर सांगितल्याप्रमाणे एकेरी आणि दुहेरी. मग फोल्डसीक किंवा डालीवर घडीची तुलना. ब्लास्टच्या २२ टक्क्यांपेक्षा तिथली जुळणी जास्त विश्वासाची. त्यानंतर शेजार. जिवाणूंची जनुकं चाळीसारखी शेजारीशेजारी राहतात आणि शेजाऱ्यांवरून धंदा कळतो. टीआरएम-डी बऱ्याच जिवाणूंत एस-१६ आणि एल-१९ या रायबोसोम प्रथिनांच्या जनुकांमध्ये, रिम-एम नावाच्या शेजाऱ्याला लागून सापडतं. तुमचं तिथे असतं तर ब्लास्टनेच सांगितलं असतं, पण मुद्दा कळला असेल. शेजारी प्रतिजैविक बनवणारी जनुकं आहेत का, रायबोसोमची आहेत का, की निर्बंधक एन्झाइमचं (ठरावीक क्रमावर डीएनए कापणाऱ्याचं) जनुक आहे? निर्बंधक असेल तर डीएनएवर पैज लावायला हरकत नाही.

डीएनएवरून आठवलं. मिथिल क्रमात दिसत नाही आणि तरी काम अडवतं, याचा अनुभव तुमच्या लॅबमध्ये कुणी ना कुणी घेतलाच असेल. आमच्याकडे एकाचा प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं कडं) एक्सबा-वन या निर्बंधक एन्झाइमने कापला जात नव्हता. तीन आठवडे गेले, एन्झाइमची नवी बाटली आली, बफर बदलला. शेवटी कागदावर क्रम लिहून बघितला: कापायच्या टीसीटीएजीए नंतर नेमकं टीसी होतं. म्हणजे जीएटीसी तयार झालं, आणि ई. कोलायचं डॅम त्यातल्या अ‍ॅडेनिनला मिथिल लावून बसलं होतं. डॅम नसलेल्या ई. कोलायमधून तोच प्लाझ्मिड काढला आणि पहिल्याच दिवशी कापला गेला.

प्रथिन शुद्ध झाल्यावर लगेच क्रियाशीलता मोजायला धावू नका. आधी थर्मल शिफ्ट करा: सायप्रो ऑरेंज हा रंग घालून तापवायचं, आणि सॅम, एसएएच, सिनेफंजिन (सॅमसारखाच दिसणारा रेणू) यांच्यासोबत वितळण्याचं तापमान वर सरकतंय का बघायचं. सरकलं तर खिसा जिवंत आहे. नाही सरकलं तरी लगेच निराश होऊ नका. ही प्रथिनं ई. कोलायमधून येतानाच कधीकधी पोटात सॅम किंवा एसएएच घेऊन येतात, मग वरून घातल्याने फरक कसा दिसणार?

सॅम हे नाजूक प्रकरण आहे. उदासीन किंवा अल्कधर्मी द्रावणात ते काही तासांत मोडायला लागतं. म्हणून ते सौम्य आम्लात विरघळवून, छोट्या वाट्यांत विभागून गोठवायचं आणि वाटी एकदाच वापरायची. विकतच्या सॅममध्येही थोडं एसएएच असतंच. आणि एसएएच हे या बहुतेक एन्झाइमचं ब्रेक आहे: क्रिया जसजशी होते तसतसं ते साठतं आणि क्रिया थांबवतं. पहिल्या पाच मिनिटांत आलेख चढतो आणि मग सपाट होतो, तेव्हा एन्झाइम मेलं असं समजू नका. एसएएच तोडणारं न्यूक्लिओसायडेज त्यात घाला आणि पुन्हा बघा.

गिऱ्हाईक शोधताना सगळ्यात मोठा फसवा भाग असा. तुम्ही त्याच जिवाणूतून टीआरएनए किंवा रायबोसोमचं आरएनए काढून त्यावर तुमचं एन्झाइम टाकलं तर बहुधा काहीच दिसणार नाही. पेशीत तुमच्या एन्झाइमने ते काम आधीच केलेलं असतं. भरल्या ताटात वाढणार कुठे? जनुक काढून टाकलेला वाण तयार करा, त्याचं आरएनए घ्या आणि किरणोत्सारी ट्रिटियम लावलेलं सॅम वापरा. मिथिल बसलं तर ते कुठल्या आरएनएच्या पट्टीवर दिसतं बघा. मूळ वाणाच्या आरएनएवर काही नाही आणि काढलेल्या वाणाच्या आरएनएवर ठसठशीत खूण, हा निकाल मिळाला की निम्मं प्रबंध लिहून झाला समजा. प्रथिन गिऱ्हाईक असेल तर वस्तुमानमापनात एका मिथिलमागे १४.०१६ डाल्टन वाढतात. तीन मिथिलची वाढ ४२.०४७ आणि एका असिटिलची ४२.०११, साध्या यंत्रावर ही दोन जुळी दिसतात, म्हणून यंत्राची अचूकता आधी विचारून घ्या.

आणि नियंत्रणासाठी निष्क्रिय उत्परिवर्ती हवाच. यात विद्यार्थी सर्रास ग्लायसिनच्या ठेक्यावर हात घालतात, कारण पुस्तकात तो ठळक छापलेला असतो. ग्लायसिन बदललं की कधीकधी वळणच बिघडतं, प्रथिन गोळा होऊन तळाशी बसतं, आणि ‘क्रिया नाही’ म्हणजे काय तेच कळेनासं होतं. पहिला वर्ग निघाला तर दुसऱ्या स्ट्रँडच्या टोकाचं ते आम्ल अलानिन करा. प्रथिन विरघळलेलं राहण्याची शक्यता जास्त असते आणि सॅमची पकड ढिली होते. थर्मल शिफ्टमध्ये मूळ प्रथिन आणि हे, दोन्ही शेजारी चालवा. सॅम नसताना दोघांचं वितळण्याचं तापमान सारखं आणि सॅम घातल्यावर फक्त मूळचं वर सरकलं, तरच ते नियंत्रण म्हणून वापरा.